घरावर घेतलेली आण

१९ जानेवारी, सोमवार

आज सकाळी गिरणी उघडण्याआधी मी महादेवाच्या देवळात गेलो. पिंडीवरचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आणि वॉर्डातल्या माणसांसमोर शपथ घेतली, की नगरपरिषदेत घरपट्टी वाढवण्याचा ठराव आला तर मी त्याच्या बाजूने हात वर करणार नाही.

भुजंगरावांचा निरोप कालच आला होता. त्यांनीच मला निवडणुकीला उभं केलं. भजनाला बसणारा, गिरणी चालवणारा माणूस, कोणाच्या घेण्यादेण्यात नाही, असा उमेदवार त्यांना हवा होता. म्हणाले, "अण्णा, लोक घाबरलेत. नुसत्या बोलण्यानं धीर येत न्हाई. बेल उचलायचा, मंजे इषय संपला."

मला त्यात वावगं वाटलं नाही. पेडगावला आमच्या लहानपणी बांधाचं भांडण असो की चोरीचा आळ, पंच म्हणायचे, चल, बेलभंडार उचल. उचलणारा उचलायचा, नाहीतर कबूल व्हायचा. त्यापुढे कोर्ट नव्हतं. मी दहावीपर्यंत तिथल्या शाळेत शिकलो, पण खरं बोलण्याची भीती शाळेनं नाही, त्या देवळानं घातली.

शब्द भुजंगराव सांगत होते, मी मागून म्हणत होतो. शेवटी रीतीप्रमाणे आलं: "शब्द मोडला तर माझ्या घराचं वाटोळं होवो, आण माझ्या बायकालेकरांची." तेही म्हटलं. वॉर्डातले दुसरे नगरसेवक रामहरी माझ्यानंतर आले. त्यांनी पाढे म्हणावे तसं भराभर उरकलं आणि भंडारा रुमालाला पुसला.

मन शांत आहे. लाईट गेली आहे, दळण थांबलंय, म्हणून इतकं लिहून झालं.

२२ जानेवारी, गुरुवार

शपथेची बातमी गिरणीत माझ्याआधी पोचली होती. धुरपदाबाई ज्वारीचं दळण घेऊन आल्या. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. लेक आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला कर्नाटकात गेलेत, म्हातारी घर राखते. त्या गल्लीत सध्या निम्म्या घरांना कुलपं आहेत.

"काय ओ अण्णा, बेल उचलला म्हने?"

"उचलला, मावशी."

"बेल लय हलका असतोय. आमच्या गल्लीतला हंडा उचलून बगा एकदा."

बायका हसल्या. मीही हसलो. रेणुका मात्र हसली नाही. नवरा गेल्यापासून शिवणकामावर घर चालवते. ती म्हणाली, "हंडा उचलते मी, मावशी. पन पट्टी वाढली तर भरू कुठून? दोन पत्र्याच्या खोल्या हायत. त्या बी जप्त करत्याल."

"तुज्या पत्र्याला किती वाढनार हाय गं? माड्या हायत त्यांना फिकीर. तू काहून रडायलीस?"

"आदी पानी द्या म्हनावं, मग पट्टी मागा," दुसरी एक म्हणाली.

"आन् ते म्हनत्यात आदी पट्टी द्या, मग पानी. तंवर आपुन नाली प्यायची."

नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येतं. पहिल्या दोन-तीन हंड्यांना वास असतो, ते बायका अंगणात ओतून देतात. पुढचं गाळून ठेवतात. इतकी वर्षं असंच चाललंय.

रेणुकाचं म्हणणं मला जास्त पटलं. मी शपथ घेतली ती अशाच घरांसाठी.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

राजेश्री दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हती. आज हळदीकुंकवाचं सामान आवरताना एकदम म्हणाली, "माजी आण घातली म्हने देवळात."

"रीत असते ती."

"घालताना मला इचारलं का?"

बायकोची आण घालताना तिला विचारतात, असं मी तरी कुठे पाहिलं नाही.

तिनं अर्धीच भाकरी खाल्ली. फोडणीचा वास नको म्हणून खिडकीशी जाऊन बसली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती अशी रुसली नव्हती. उद्या तिच्यासाठी पेरू आणीन.

२९ जानेवारी, गुरुवार. एकादशी

भुजंगरावांच्या मंगल कार्यालयात ठरावाविरुद्धच्या नगरसेवकांची बैठक झाली. कार्यालय पाहण्यासारखं केलंय. तीन मजले, खाली संगमरवर, वर जायला लिफ्ट, वरपक्षाला वेगळ्या खोल्या. बाहेरच्या बाजूने दुकानांची रांग, तीही त्यांचीच. भुजंगराव पोटतिडकीनं बोलले. म्हणाले, "ही लढाई गरिबाची हाय. गरिबाच्या झोपडीवर बोजा पडू द्यायचा न्हाई." माझा उपास म्हणून त्यांनी आठवणीनं शाबुदाण्याची खिचडी मागवली. मोठ्या मनाचा माणूस आहे.

परतताना रामहरींना म्हटलं, "आपण दोघांनी शपथ घेतलीय, आपल्याला बैठकीची काय गरज होती?"

ते म्हणाले, "अण्णा, मी आत्तापर्यंत तीनदा बेल उचललाय. बेल उचलायचा असतो. पाळायचा असतो असं कोन म्हनलं?" आणि माझ्या पाठीवर थाप मारून हसत गेले. थट्टा करत असावेत.

घरी येऊन राजेश्रीला कार्यालयाचं वर्णन सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "एवढ्या मोठ्या कार्यालयाची घरपट्टी किती येती ओ?"

मी विचारलं नव्हतं. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसानं असं विचारू नये.

पेरू तसेच पडून आहेत. आज गिरणीत हळदीचं दळण होतं, तिनं मदत केली. संध्याकाळी तिचे हात, चेहरा, डोळ्यांच्या कडाही पिवळ्या वाटल्या. हळद धुतली तरी लवकर जात नाही.

३१ जानेवारी, शनिवार

मुख्याधिकारी मॅडमनी सकाळी आमचा वॉर्ड पाहायला बोलावलं. विरोध करणाऱ्या प्रत्येकाला त्या जागेवर नेऊन दाखवतायत, असं कळलं. मागच्या गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणून ठेवला होता. त्यात डोकावलो. नळाची पाइपलाइन नालीच्या खालून नाही, नालीतूनच गेलीय. एका जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळली होती. ट्यूब कुजलीय. नळाला पाणी असतं तेव्हा ते तिथून बाहेर येतं, आणि नसतं तेव्हा नालीचं पाणी आत जातं. मॅडमनी हे दोनच वाक्यांत सांगितलं. मला अंगणात ओतून दिलेले हंडे आठवले.

त्या म्हणाल्या, "सगळी लाइन बदलायची योजना मंजूर आहे. बहुतेक पैसे शासन देणार. पण नगरपरिषदेनं आपला हिस्सा भरला पाहिजे. तो घरपट्टीशिवाय येणार कुठून? दर निवडणुकीत सगळे सांगतात, पट्टीला हात लावणार नाही. नंतर प्रशासक होते. कोणी हात लावलाच नाही. या महिन्यात ठराव झाला नाही तर योजना दुसऱ्या गावाला जाईल."

"छोट्या घरांचं काय?"

"त्यांना थोडीच वाढ आहे. खरी वाढ मोठ्या इमारतींना. ज्या कागदावर अजून पत्र्याची शेडं आहेत."

मी म्हटलं, "मॅडम, मी बेल उचललाय."

त्या म्हणाल्या, "माझे वडीलही उचलायचे. मी त्यावर काय बोलणार?"

दिवसभर गिरणीत लक्ष लागलं नाही. एका बाईच्या गव्हात ज्वारी मिसळली.

४ फेब्रुवारी, बुधवार

धुरपदाबाई गेल्या.

आठवडाभर गळ्यात कावीळ उतरवणाऱ्याची माळ घालून बसल्या होत्या. माळ लांबत जाऊन पायापर्यंत आली की कावीळ उतरते म्हणतात. माळ छातीपर्यंत आली होती. शेजारणींनी दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाल्या, लेकाला इचारते. लेकाचा फोन लागत नव्हता, उसाच्या फडात रेंज नसते.

मुकादमाकडून निरोप मिळून लेक, सून आज पहाटे पोचले. अंगावर तोडणीचेच कपडे. लेक मला म्हणाला, "अण्णा, तुमी हितं व्हतात की." एवढंच बोलला. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. आम्ही ज्या दिवशी देवळात जमलो त्या दिवशी हे लोक फडात होते. त्यांना पाणी हवं की पट्टी नको, हे मी कोणाला विचारलं होतं?

पण शपथ म्हणजे शपथ. विचारून घेतली काय, न विचारता घेतली काय.

५ फेब्रुवारी

राजेश्रीला ताप. मयतीच्या धावपळीनं असेल.

७ फेब्रुवारी, शनिवार. परभणी

काल आमची लेक ज्ञानेश्वरी परभणीहून आली. तिकडे कॉलेजला असते. दारातून आत आली, आईकडे पाहिलं आणि पिशवी खाली न ठेवता माझ्यावर ओरडली, "बाबा, डोळे बघा तिचे! दिसत न्हाई का तुमाला?"

दिसत होतं. मी हळद समजलो.

इथे दवाखान्यात भरती केलंय. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून जेवण तुटलंय? मी म्हटलं, रुसली होती म्हणून जेवत नसेल असं वाटलं. त्यांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. मग पुन्हा लिहू लागले.

पाण्यातून झालेली कावीळ, म्हणाले. तुमच्या गावाहून या आठवड्यात बरेच आलेत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

राजेश्री दिवसातून बराच वेळ झोपून असते. कधी जागी झाली की भलतंच बोलते. काल गिरणीचा पट्टा तुटला, बंद करा, बंद करा म्हणत होती. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही.

भुजंगराव भेटायला आले. बरोबर पाण्याचे दोन जार आणि फळं. बाहेर बाकड्यावर माझ्याशेजारी बसले.

"अण्णा, एक खबर कानावर आली. तुमी मॅडमसंगं खड्डा बघायला गेलता."

"गेलो होतो."

"मन डळमळलं का?"

मी पाण्याचे जार सरकवून बाकड्याखाली ठेवले.

ते आवाज खाली आणून म्हणाले, "राग मानू नका. पन बेल उचलून मन फिरलं की असंच होतंय बगा. खड्ड्यावर तुमी कवा गेलाव, आन् वैनी कवा पडल्या? इचार करा. देव दुसरं काय सांगनार?"

ते गेल्यावर मी हिशोब जुळवू लागलो. ती आधीपासूनच जेवत नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरी भीती गेली नाही. लिहायला लाज वाटते, पण मी तिथेच बाकड्यावर हात जोडले आणि म्हटलं, देवा, मी हात वर करणार नाही, हिला घरी जाऊ दे.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

काल राजेश्रीला घरी आणलं. उठून बसते. उकळलेलं पाणी पिते, भाताची पेज घेते. देवानं ऐकलं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मागच्या गल्लीत आणखी दोन घरी कावीळ आहे. त्यातलं एक रेणुकाचं.

पहाटे देवळात गेलो. गर्दी व्हायच्या आत आश्रुबा गुरवांना गाठलं. ते पिंडी धूत होते. विचारलं, "आश्रुबा, उचललेल्या बेलाला उतारा असतो का? अभिषेक, अन्नदान, काही?"

"न्हाई."

"काहीच नाही?"

"लोक करत्यात. मी दक्षिणा बी घेतो, खोटं कशाला बोलू? पन उतारा न्हाई. मोडली ती मोडली. मोडनाऱ्यानं भोगायची. ज्याला भोगायची तयारी न्हाई त्यानं मोडू नये." मग हात पुसत म्हणाले, "सरका जरा, पानी अंगावर यील."

दिवसभर उपासात हाच विचार. धुरपदाबाई गेल्या तेव्हा मी शपथेला धरून बसलो. स्वतःच्या घरात दुखणं आलं तेव्हा मला नालीतली पाइप दिसायला लागली. मग हा धर्म कसला? आणि आता बायको बरी झाली म्हणून पुन्हा शपथेला धरून बसू? देव काय पट्टी थकली की दारात जप्ती घेऊन येणारा आहे, असं मनात आलं. लगेच कान धरले. पण आलेला विचार गेला नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

विशेष सभा मंगळवारी, चोवीसला आहे. नोटीस आली.

राजेश्रीनं ती माझ्या हातातून घेऊन वाचली. म्हणाली, "काय करनार हाव?"

मी सगळं सांगितलं. बाकड्यावर केलेला नवस, भुजंगरावांचं बोलणं, आश्रुबांचं उत्तर. भीतीही सांगितली. तिनं नोटिशीची घडी घातली.

"आण कुनाची घातली? माजी."

"हो."

"भोगायची कुनी? मीच. मंग मत बी माजं इचारा. मी मरता मरता वाचले ते काय तुमच्या नवसानं? सलाईन लावनाऱ्या पोरीनं रातभर जागून काढली. तिला तर बेलाचं ठाऊक बी न्हवतं."

"असं बोलू नये."

"नगं तर नगं. देव माजा बी हाय. तुमच्याहून जास्त सोमवार धरलेत मी." तिला दम लागला. थोड्या वेळानं म्हणाली, "चोरून करू नका मातर. सभेत हात वर करून मागच्या दारानं घरी यायचं, तसलं नगं. जिथं बोललाव तिथंच जाऊन सांगा."

तिला वाटतं ते सोपं आहे. मी देवळात त्याच जागी उभं राहून ते शब्द मागे घेतोय, अशी कल्पना करून पाहिली आणि उठून गिरणी झाडायला गेलो. भुजंगरावांबद्दल ती आणखीही बरंच बोलली. ते मी लिहीत नाही. त्यांनी जार पाठवले होते.

२२ फेब्रुवारी, रविवार

सांगायला तीनदा देवळाच्या पायऱ्या चढलो. एकदा कीर्तन होतं, एकदा कोणाचा वाढदिवस, आज कोणीच नव्हतं. कोणी नसताना सांगून काय उपयोग. खरं तर कोणी नाही हे बघून बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

संध्याकाळच्या आरतीनंतर, प्रसाद वाटायच्या आधी. म्हटलं, "जरा थांबा. मी इथे बेल उचलून शब्द दिला होता. उद्या तो मोडणार आहे. पट्टीच्या बाजूने हात वर करणार आहे. सभेत कळण्याआधी तुमच्यासमोर सांगावं म्हणून आलो. आण बायकालेकरांवर घातली, ती चूक झाली. ती त्यांना न विचारता घातली. जे यायचं ते माझ्यावर येवो, असं आज देवासमोर म्हणतो."

मग सुरू झालं.

"किती पोचले ओ अण्णा?"

"मॅडमनं जादू केली म्हना की!"

"म्हनून भजन करनाऱ्याला मत देऊ नये. टाळ बी वाजवतोय आन् आपली बी वाजवतोय."

यावर हशा झाला. मलाही हसू आलं असतं, पण ओठ वळले नाहीत.

भुजंगराव ओरडले नाहीत. म्हणाले, "मी तुमाला घडवलं, अण्णा. माज्या शब्दाचं जाऊ द्या. त्या देवाला काय तोंड दाखवनार?"

मी म्हटलं, "हेच. दुसरं नाही माझ्याकडे."

रेणुका मागे खांबाशी उभी होती. तिचा चेहरा अजून पिवळा होता. बाहेर पडताना तिनं मला अडवलं. मला वाटलं, ती तरी बरं बोलेल. ती म्हणाली, "अण्णा, मला पट्टी भरायला जमनार न्हाई. पाइप बदला, पन ह्ये बी सभेत सांगा." मी सांगेन म्हणालो.

सोमवारच्या भजनाला आज कोणी बसलं नाही. मी पेटी काढली होती, ती परत झाकून ठेवली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सभा दुपारी झाली. राजेश्रीनं सकाळी माझा सदरा स्वतः धुवून, वाळवून ठेवला होता. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा काही जड काम केलं. मी रागावलो, तिनं लक्ष दिलं नाही.

सभागृहात माझी जागा रामहरींच्या शेजारी. ते सरकून बसले, पण नंतर सुपारी पुढे केली. मॅडमनी ठराव वाचला. बरीच भाषणं झाली. एक जण म्हणाला, काही सदस्य देवालाही फसवून सभेत आले आहेत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी पाळी आली तेव्हा मी रेणुकाचं म्हणणं मांडलं, की दोन पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विधवेला पट्टी झेपत नाही, अशा घरांना सूट ठेवा आणि जी शेडं आता माड्या झालीत ती आधी मोजा. नगराध्यक्ष सूट ठरावात घालू म्हणाले. कागदावर येईपर्यंत मला पाठपुरावा करावा लागेल.

मग बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा म्हणाले.

मला वाटलं होतं, त्या क्षणी देवाचं नाव तोंडी येईल. आलं नाही. काहीच आलं नाही. मी हात वर केला. समोरच्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिलो. कारकून बोट दाखवत मोजत होता, माझ्यापाशी आला, पुढे गेला. विरोधातल्यांचे हात मोजले. ठराव थोडक्यात मंजूर झाला. कोणी बाकं वाजवली, कोणी सभात्याग करतो म्हणून उठले, खुर्च्या सरकल्या.

रामहरींनी माझी बाही ओढली. म्हणाले, "अण्णा, झालं की मोजून. घ्या आता खाली."

तेव्हा घेतला.